परदेशात रोजचं इंग्रजी सुधारायला प्रत्यक्षात काय उपयोगी पडतं? अनुभव हवेत

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आधी जुने धागे शोधले, पण आयईएल्टीएसच्या (परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजी परीक्षेच्या) तयारीपलीकडे फारसं काही सापडलं नाही, म्हणून नवा धागा काढतेय.

मी मूळची सांगली जिल्ह्यातली. शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी पाचवीपासून. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली, आमची बॅच त्याआधीची. पुढे एम.एस्सी. केमिस्ट्री इंग्रजीतूनच केलं, त्यामुळे वाचायला-लिहायला अडत नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडला, लेस्टरला आलो. भाजीबाजार, देऊळ, शेजारपाजार इथे गुजराती-हिंदीत दिवस निघून जातो, हे गावच तसं आहे. अडतं ते दवाखान्यात, मुलाच्या शाळेत आणि फोनवर.

परवा मुलाला उलट्या होत होत्या म्हणून सर्जरीत फोन केला (इथे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्याला सर्जरी म्हणतात). पलीकडच्या बाईंनी विचारलं, "इज ही कीपिंग एनीथिंग डाउन?" यातला एकही शब्द मला नवा नाही. तरी पोटात काही टिकतंय का असं त्या विचारताहेत हे लक्षात यायला त्यांना दुसऱ्यांदा, वेगळ्या शब्दांत विचारावं लागलं. शाळेच्या फाटकाशी पोलिश, सोमाली, रोमेनियन आया भेटतात, त्यांचंही हेच दुखणं आहे. म्हणजे प्रश्न फक्त आपल्या मराठी माध्यमाचा नाही.

व्याकरणाची पुस्तकं आणि 'तीस दिवसांत इंग्रजी' नको आहे. परक्या देशात आलेल्या माणसाने घर, मूल, नोकरी सांभाळून रोज नक्की काय करावं, हे ज्यांनी केलंय त्यांनी सांगाल का?

दर्यावर्दी

भरपूर सिरियली आणि पिक्चर बघा, सबटायटल लावून. आपोआप येतं. माझं तसंच आलं.

रानवारा

+१. आणि घरात मुलाशी इंग्रजीतच बोलायला सुरुवात करा. दोघांचाही सराव होईल.

ओवी

कृष्णाकाठ, धाग्याबद्दल मनापासून धन्यवाद. मी मँचेस्टरजवळ ईसॉलच्या वर्गात स्वयंसेवक म्हणून मदत करते. ईसॉल म्हणजे इतर भाषा बोलणाऱ्यांसाठीचे इंग्रजीचे वर्ग. समोर बसलेल्यांत इरिट्रियाचे, इराणचे, हाँगकाँगचे, आपल्याकडचे असे सगळे असतात, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

आधी वरच्या दोन प्रतिसादांबद्दल. दर्यावर्दी, बघून कान तयार होतो हे खरं, पण सबटायटल कायम लावून ठेवली तर आपण वाचत बसतो, ऐकत नाही. आमच्या वर्गात असे कितीतरी जण येतात ज्यांनी वर्षानुवर्षं मालिका पाहिल्यात आणि तरी बसचालकाचं वाक्य त्यांना कळत नाही. उपयोग होतो तो छोटा तुकडा घेऊन घासण्याचा. दीड-दोन मिनिटांचं बोलणं घ्या. पहिल्यांदा नुसतं ऐका, विषय कळला तरी पुरे. दुसऱ्यांदा ऐकताना जे ऐकू येतं ते कागदावर उतरवा, जिथे कळत नाही तिथे रेघ मारा. मग लिखित संहिता उघडा आणि आपल्या रेघांच्या जागी काय होतं ते पाहा. बहुतेक रेघांखाली अवघड शब्द नसतोच. तिथे 'ऑफ', 'टू', 'हॅव', 'हिम' असले चिमुकले शब्द असतात, जे बोलताना शेजारच्या शब्दात विरघळून जातात. शेवटी तोच तुकडा बोलणाऱ्याच्या मागोमाग, त्याच्याच लयीत, अर्ध्या सेकंदाच्या अंतराने म्हणत जा. दिवसाला पंधरा मिनिटं बास.

यासाठी बीबीसी लर्निंग इंग्लिश मला सगळ्यात बरं वाटतं. परदेशी लोकांना इंग्रजी शिकवण्याचं बीबीसीचं काम १९४३ पासून चालू आहे. त्यांचा '६ मिनिट इंग्लिश' हा कार्यक्रम फुकट आहे आणि सोबत पूर्ण संहिता मिळते. ब्रिटिश कौन्सिलच्या संकेतस्थळावरही पातळीनुसार ऐकायचं साहित्य आहे.

रानवारा, तुमचा हेतू चांगला आहे, पण घरात मुलाशी इंग्रजी बोला या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे. मुलाला इंग्रजी शाळेतून मिळणारच आहे, तेही इथल्या उच्चारांसकट. त्याला मराठी देणारे मात्र फक्त आईवडील आहेत. शिवाय आईने चाचपडत इंग्रजी बोलायचं आणि मुलाने ते दुरुस्त करायचं, यात आईचा सराव होत नाही, तिचा धीर खचतो. हे मी वर्गातल्या बायकांकडून पुन्हा पुन्हा ऐकलंय.

आता वर्गाबद्दल. ईसॉलच्या पायऱ्या एंट्री १, २, ३ आणि मग लेव्हल १, लेव्हल २ अशा असतात. कॉलेज आधी चाचणी घेऊन पायरी ठरवतं. तुमचं वाचन-लेखन पक्कं असल्यामुळे तुम्हाला वरच्या पायरीवर टाकतील, तेव्हा बोलण्याची चाचणी वेगळी घ्या असं आवर्जून सांगा. फी लागेल की नाही हे व्हिसा आणि वास्तव्याच्या काळावर ठरतं, ते कॉलेजातच विचारा. गावातल्या लायब्ररीतही चौकशी करा. बऱ्याच लायब्रऱ्यांत आठवड्यातून एकदा गप्पांचा गट भरतो. पैसे नाहीत, परीक्षा नाही, चहा-बिस्किटं असतात.

तुम्हाला काम करायची परवानगी असेल तर चॅरिटी शॉपमध्ये (दान आलेल्या वस्तू विकणारं संस्थेचं दुकान) आठवड्यातून एक सकाळ स्वयंसेवक म्हणून जा. हे मी प्रत्येकाला सांगते. तिथे बोलणं मोजकं असतं, तेच ते पुन्हा होतं, आणि घाई नसते. "हे कपडे कुठल्या रॅकवर लावू?", "याची किंमत काय लावायची?", "पिशवी हवी का?" पहिले काही आठवडे मागच्या खोलीत कपडे निवडायचे, मग गल्ल्यावर उभं राहायचं. शिवाय सोबतीला निवृत्त ब्रिटिश बायका असतात, त्यांना गप्पांची हौस असते आणि वेळही असतो.

दर्यावर्दी

ओवी, संहितेची युक्ती मी केली नव्हती. पटलं. पण मला मालिकांमुळे फायदा झाला हेही खरंच आहे, बहुधा सोबत ऑफिसात दिवसभर बोलावं लागायचं म्हणून असेल.

ओवी

हो ना, ते ऑफिस महत्त्वाचं! घरी असणाऱ्या माणसाला तेच मिळत नाही. म्हणून लायब्ररी आणि चॅरिटी शॉप.

शेवंता

मी बर्मिंगहॅमला नर्स आहे. इथे नर्स म्हणून नोंदणी करायला आयईएल्टीएस किंवा ओईटी द्यावी लागते. आयईएल्टीएसमध्ये वाचन, श्रवण, संभाषण तिन्हींत ७ आणि लेखनात ६.५ लागतात. ओईटी ही खास आरोग्यसेवेतल्या लोकांची परीक्षा, तिच्यात तीन विभागांत बी आणि लेखनात सी प्लस. मी ओईटी दिली, कारण तिच्यात पेशंटशी बोलायचे प्रसंग वठवावे लागतात आणि ती तयारी नंतर वॉर्डात वाया जात नाही.

पण परीक्षा झाल्यावरही वॉर्डातल्या आजी-आजोबांचं बोलणं कळायला वेळ लागला. "आय नीड टू स्पेंड अ पेनी" म्हणजे लघवीला जायचंय. "वॉटरवर्क्स"चा त्रास म्हणजेही लघवीचाच. "आय केम ओव्हर ऑल फनी" म्हणजे एकदम कसंतरी झालं, गरगरलं. "पूअर्ली" म्हणजे बरं नसणं. युनिफॉर्मच्या खिशात छोटी वही ठेवायचे. नुसता शब्द कधी लिहिला नाही. पूर्ण वाक्य, कोण म्हणालं आणि तेव्हा काय चाललं होतं, एवढं लिहायचं. ब्रेकमध्ये फिलिपिनो सहकारी असायच्या, त्या माझ्या आधी आलेल्या, त्यांना विचारायचं. आणि त्याच शिफ्टमध्ये ते वाक्य एकदा तरी स्वतः वापरायचं. वापरलेलं राहिलं, नुसतं लिहिलेलं विसरले.

कृष्णाकाठ, तुमच्या फोनसाठी आमची वॉर्डातली पद्धत देते. डॉक्टरांना फोन करताना आम्ही चार पायऱ्यांत बोलतो: आत्ता काय झालंय, आधीची हकिकत, मला काय वाटतंय, मला काय हवंय. फोन लावायच्या आधी ही चार वाक्यं कागदावर लिहा. "आय ॲम कॉलिंग अबाउट माय सन. ही इज फोर. ही हॅज बीन सिक थ्री टाइम्स सिन्स लास्ट नाइट. ही कान्ट कीप वॉटर डाउन. कुड समवन सी हिम टुडे, प्लीज?" इथे एक लक्षात ठेवा. ब्रिटनमध्ये 'ही हॅज बीन सिक' म्हटलं की उलटी झाली असा अर्थ घेतात. नुसतं बरं नाही असं सांगायचं असेल तर 'अनवेल' म्हणा. 'फीलिंग सिक' म्हणजे मळमळणं.

दुखण्याचे शब्द एकदा पाठच करून टाका, कारण डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. ठणकणं म्हणजे थ्रॉबिंग, चमक किंवा कळ येणं म्हणजे शार्प किंवा शूटिंग पेन, मंद सतत दुखणं म्हणजे डल एक, मुंग्या येणं म्हणजे पिन्स अँड नीडल्स. आपण मराठीत दुखणं किती बारकाईने सांगतो, आणि इंग्रजीत सगळ्याला 'पेनिंग' म्हणून मोकळे होतो. त्यात डॉक्टरला काहीच धागा मिळत नाही.

आणि कळकळीने सांगते, मोठं दुखणं असेल, ऑपरेशनची संमती द्यायची असेल, तर इंग्रजीचा सराव बाजूला ठेवून दुभाषा मागा. एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, तो फुकट मिळतो, १११ या तिच्या हेल्पलाइनवर फोन केला तरी मिळतो. अपॉइंटमेंट घेतानाच भाषा सांगून ठेवायची. लहान मुलाला किंवा भाचीला दुभाषी म्हणून उभं करू नका. आईच्या पोटातल्या गाठीबद्दल दहा वर्षांच्या मुलाने भाषांतर करावं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि ते कुणाच्याच वाट्याला येऊ नये.

मैलाचा_दगड

शेवंता, फार मोलाचा प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

कॅनडातल्यांसाठी: पर्मनंट रेसिडेंट असाल तर लिंक नावाचे वर्ग सरकारी खर्चाने मिळतात, १९९२ पासून चालू आहेत. आधी चाचणी होते आणि १ ते १२ अशी पातळी ठरते. काही केंद्रांत वर्ग चालू असताना मुलांना सांभाळतात, त्यामुळे लहान मुलांच्या आयांना जमतं. नागरिकत्वासाठी १८ ते ५४ वयात बोलणं-ऐकणं पातळी ४ लागतं, पण नोकरीसाठी तेवढ्यावर थांबू नका. वर्क परमिट किंवा स्टडी परमिटवर असाल तर लिंकमध्ये बसत नाही. तेव्हा लायब्ररी गाठा. टोरंटोच्या लायब्रऱ्यांत इंग्रजी गप्पांचे गट आहेत.

पारिजातक

मेलबर्नहून. इकडे एएमईपी, नव्याने आलेल्यांना सरकारी खर्चाने इंग्रजी शिकवणारी १९४८ पासूनची योजना. पूर्वी ५१० तासांची मर्यादा होती, ती २०२१मध्ये काढली. पर्मनंट व्हिसावर आलेल्या नवऱ्या-बायकांनी पहिल्या महिन्यातच नाव घाला. घरी येऊन शिकवणारे स्वयंसेवकही मिळतात.

खलाशी

एक शंका. पुण्यात कॉल सेंटरला होतो तेव्हा आमच्याकडून उच्चार घासून घेतले होते. परदेशात ॲक्सेंट बदलावा लागतो का? यूट्यूबवर त्याचे महागडे कोर्स दिसतात. (अवांतर: टोस्टमास्टर्सबद्दल कोणी लिहिलं नाही. १९२४ पासूनची संस्था, जवळजवळ प्रत्येक शहरात क्लब, पाहुणा म्हणून फुकट जाता येतं. आयत्या वेळच्या विषयावर एक-दोन मिनिटं बोलायला लावतात आणि 'अं', 'आ' किती वेळा केलं ते मोजायला एक माणूस असतो. थोडंफार बोलता येणाऱ्यांना उत्तम, अगदी नवख्यांना जड.)

गोदातीर

खलाशी, ॲक्सेंट बदलायची काही गरज नाही. समोरच्याला आपलं बोलणं एका फटक्यात कळलं पाहिजे, एवढंच ध्येय ठेवा. स्कॉटिश माणूस स्कॉटिश बोलतो, नायजेरियन नायजेरियन, आपण मराठी वळणाचं बोलावं. मात्र काही थोड्या जागा अशा आहेत की तिथे ऐकणाऱ्याचा खरोखर गोंधळ होतो. तेवढ्या दुरुस्त केल्या तर बाकीचं मराठीपण तसंच राहू द्यावं. माझा अभ्यासाचा विषय भाषाविज्ञान होता आणि आता मी बॉस्टनला राहतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

सगळ्यात मोठी जागा आघाताची. मराठीत आपण शब्दातली सगळी अक्षरं साधारण सारख्या वजनाने म्हणतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर पडतो आणि बाकीची आक्रसतात. फोटोग्राफ म्हणताना जोर 'फो'वर. फोटोग्राफर म्हणताना तो 'टॉ'वर सरकतो आणि शब्द 'फटॉग्रफर' असा ऐकू येतो. फोटोग्राफिकमध्ये तो 'ग्रॅ'वर जातो. हॉटेल, इव्हेंट, डेव्हलप या तिन्हींत जोर दुसऱ्या अक्षरावर असतो, आपण पहिल्यावर देतो. ऐकणारा माणूस शब्द ओळखतो तो जोरावरून, त्यामुळे प्रत्येक स्वर-व्यंजन बरोबर असूनही जोर चुकला तर तो "सॉरी?" म्हणतो. नवा शब्द वहीत लिहिताना जोराच्या अक्षराखाली रेघ ओढायची सवय लावा. तेरा आणि तीस यांचा घोळ याच कारणाने होतो: थर्टीनमध्ये जोर 'टीन'वर आणि ते लांबवायचं, थर्टीमध्ये 'थर'वर. अपॉइंटमेंटची वेळ आणि घरभाडं सांगताना हा घोळ महागात पडतो.

अमेरिकेत असणाऱ्यांसाठी एक खास जागा. इथले लोक 'आय कॅन गो' म्हणताना 'कॅन' जवळजवळ गिळतात, 'आय क्न गो' असं ऐकू येतं. आणि 'कॅन्ट' म्हणताना स्वर पूर्ण उच्चारतात, पण शेवटचा 'ट' ऐकूच येत नाही. आपण ठासून 'आय कॅन कम ऑन मंडे' म्हणालो की त्यांना ते 'कॅन्ट' वाटतं, आणि ते सोमवार रद्द करून टाकतात. तेव्हा 'कॅन' हळू, 'गो' किंवा 'कम' जोरात. नाहीच म्हणायचं असेल तर सरळ 'कॅनॉट' म्हणा.

दुसरी जागा शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क. इंग्रजीत त्यांच्यासोबत श्वासाचा झोत बाहेर येतो, आपला 'प' कोरडा असतो. त्यामुळे आपण 'पॅक' म्हटलं की इंग्रजी कानाला 'बॅक' वाटू शकतं. तोंडासमोर टिश्यू पेपर धरा, 'पॅक' म्हटल्यावर तो हलला पाहिजे. तिसरी जागा व आणि व्ह. लिहिताना आपण वॉटर आणि व्हॅन असा फरक करतो, बोलताना ओठ मात्र तेच राहतात. वॉटर, वेस्ट, विंडो यांना ओठ 'उ' म्हणताना करतो तसे गोल करून सुरुवात करा. व्हॅन, व्हिजिट यांना वरचे दात खालच्या ओठावर टेकवा. आरशासमोर सहज जमतं.

एखादा शब्द खऱ्या बोलण्यात कसा येतो हे पाहायला यूग्लिश नावाचं फुकट संकेतस्थळ आहे. शब्द टाकला की यूट्यूबवरच्या ज्या-ज्या बोलण्यात तो आलाय ते तुकडे एकामागून एक ऐकवतं. ब्रिटिश, अमेरिकन, ऑस्ट्रेलियन असं निवडताही येतं. पैसे भरून ॲक्सेंटचे कोर्स करण्यापेक्षा हे आणि फोनमधलं रेकॉर्डर पुरेसं आहे.

आंबेमोहोर

माझ्या आईबद्दल लिहिते, कारण वय झाल्यावर जमत नाही असं पुष्कळांना वाटतं. आईचं शिक्षण दहावी, साठी उलटल्यावर ती न्यू जर्सीला आमच्याकडे कायमची आली. पहिले काही महिने ती दार वाजलं तरी उघडायची नाही. आमच्या गावच्या लायब्ररीत इंग्रजी गप्पांचा गट होता. पाच-सहा कोरियन आजी, एक्वाडोरचे एक काका, दोन चिनी बायका आणि शिकवायला निवृत्त शाळामास्तरीण. तिथे पहिल्या दिवशी तिला काय सांगता येईल याचा विचार करून आम्ही पुरणपोळी निवडली. डाळ शिजवायची, कट काढायचा, गूळ घालून आटवायचं, पुरणयंत्रातून काढायचं. पुरणयंत्र काय असतं हे तिने हाताने फिरवून दाखवलं, कोरियन आजींनी त्यांच्या गोड लाल वालांच्या सारणाचं सांगितलं, आणि दोघींचा तास तिथेच संपला.

गटात दर आठवड्याला कोणीतरी नवीन यायचं, त्यामुळे तीच पुरणपोळी आईला पुन्हा पुन्हा सांगावी लागली. दरवेळी ती जास्त सफाईने, कमी अडखळत सांगायची. नंतर मास्तरणीने मला सांगितलं की शिकवण्यात ही मुद्दाम वापरली जाणारी पद्धत आहे: एकच गोष्ट वेगवेगळ्या माणसांना आधी ४ मिनिटांत, मग ३, मग २ मिनिटांत सांगायची. काय बोलायचं हे ठरलेलं असलं की मन शब्द जुळवण्याकडे लागतं. आईने नंतर आमचं लग्न, कोल्हापूरचा पूर, तिची शिवणाची मशीन अशा गोष्टी याच रीतीने तयार केल्या. व्याकरण आजही सरळ नाही, भूतकाळ तर ती वापरतच नाही. पण फार्मसीत स्वतः जाते, आणि डॉक्टरांना एकटी भेटते.

कृष्णाकाठ

तुम्ही सगळ्यांनी इतकं भरभरून लिहिलंय की काय बोलू. आंबेमोहोर, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

ओवींची रेघांची पद्धत सुरू केलीय आणि त्या म्हणतात तसंच निघालं, माझ्या बहुतेक सगळ्या रेघा 'हॅव', 'टू', 'देम' यांच्यावर पडताहेत. लायब्ररीतल्या गटाचीही चौकशी केली, गुरुवारी जाणार आहे. आता दोन प्रश्न. एक, शाळेच्या फाटकाशी आणि पॅरेंट्स ईव्हनिंगला काय बोलायचं? दुसरा, मी काही मागितलं की समोरचा किंचित आखडतो असं वाटतं. माझ्या बोलण्यात काही उद्धटपणा येतो का?

गोदातीर

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. मराठीत 'एक तिकीट द्या' हे पुरेसं अदबीचं आहे, कारण आदर 'द्या'मध्येच आहे. इंग्रजी क्रियापदात तो मावत नाही, म्हणून 'गिव्ह मी वन टिकिट' हा हुकूम वाटतो. तिथे अदब प्रश्नाच्या रूपात येते. 'कुड आय हॅव...', 'वुड यू माइंड...', 'इज इट ऑल राइट इफ आय...' ही तीन सुरुवात-वाक्यं घट्ट करा, नव्वद टक्के प्रसंग निभतील. ऐकू आलं नाही तर 'व्हॉट?' नको, 'सॉरी?' म्हणा. आणि 'आय हॅव अ डाउट' ऐवजी 'आय हॅव अ क्वेश्चन'. आपल्याकडे शंका म्हणजे प्रश्न, त्यांना डाउट म्हणजे अविश्वास वाटतो.

अशा जागा शोधायला लर्नर्स डिक्शनरी वापरत चला, साधी इंग्रजी-मराठी नको. हा शब्दकोशाचा प्रकारच आपल्यासारख्या परक्यांसाठी जन्मला. मायकेल वेस्ट ढाक्यात बंगाली मुलांना शिकवताना कमीत कमी कुठले शब्द आधी द्यावेत याच्या मागे लागले, आणि त्यांनी १९५३मध्ये सुमारे २००० शब्दांची यादी छापली. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये शिक्षक होते, त्यांचा शब्दकोश १९४२मध्ये तोक्योत निघाला, ऑक्सफर्डने तो १९४८मध्ये काढला. या कोशांत अर्थ मोजक्या सोप्या शब्दांत सांगितलेला असतो, आणि मुख्य म्हणजे शब्दाबरोबर काय येतं ते दाखवलेलं असतं. 'डिस्कस'पुढे 'अबाउट' येत नाही, 'मॅरीड'पुढे 'टू' येतं 'विथ' नाही, 'अँग्री'पुढे 'ऑन' नाही 'विथ'. मराठीतले प्रत्यय आपण नकळत उचलून नेतो, ते इथे पकडले जातात. सगळे मोठे लर्नर्स कोश ऑनलाइन फुकट आहेत.

रानवारा

घरातल्या इंग्रजीबद्दलचा माझा सल्ला मी मागे घेतो. बायकोने वाचून दाखवला ओवींचा प्रतिसाद, आणि आमची मोठी मुलगी आता आजीशी बोलू शकत नाही हे तिने नुसतं सांगितलं.

ओवी

रानवारा, अजूनही सुरुवात करता येते. मुली शिकतात.

कृष्णाकाठ, फाटकाबद्दल. "यू ऑलराइट?" असं कोणी चालता चालता विचारलं तर ती तब्येतीची चौकशी नसते. "यॅ, यू?" एवढंच म्हणायचं. लेस्टरला कोणी "मी डक" म्हणालं तर ती माया समजा, तिकडची ती बोलण्याची रीतच आहे. "हाफ सेव्हन" म्हणजे साडेसात, वाढदिवसाच्या पार्टीच्या वेळा अशाच सांगतात. "टी"ला बोलावलं तर बऱ्याचदा संध्याकाळचं जेवण असतं, पोट भरून जाऊ नका.

बोलणं सुरू करायला हवामान खरंच चालतं, पण पुढे न्यायला मुलांबद्दलचा एखादा खरा प्रश्न लागतो. "पोहण्याचे कपडे सोमवारी पाठवायचे की मंगळवारी?" असा दोन पर्यायांचा प्रश्न विचारा. उत्तर छोटं येतं, ते कळतं, आणि तुम्ही "मंगळवार, थँक्यू" म्हणून ते परत म्हणून दाखवू शकता. कळलं नसताना "येस येस" करून मान डोलावणं हे आपल्याकडच्या लोकांचं सगळ्यात मोठं नुकसान आहे. इथल्यांना त्या मानेचा अर्थही लागत नाही. अर्धं कळलं असेल तर अर्धंच परत म्हणा: "मंगळवार कळलं, वस्तू कुठली म्हणालात?" एकच आई निवडा, शक्यतो तीही बाहेरची असू दे. फाटकाशी भेटणारी एखादी पोलिश आई यासाठी अगदी योग्य. दोघींची समान भाषा इंग्रजीच, त्यामुळे बोलावंच लागतं, आणि दोघींनाही संकोच कमी.

पॅरेंट्स ईव्हनिंगला साधारण दहा मिनिटंच मिळतात. आधीच वर्गशिक्षिकेला दोन ओळींची ईमेल टाका की मला अमुक दोन गोष्टी विचारायच्या आहेत, आणि कृपया थोडं सावकाश बोलाल का. तुमचं लिहिणं चांगलं आहे, त्याचा फायदा घ्या. शिक्षिका तयारीने येतात. वाचनाची पातळी, मित्र कोण, घरी काय करून घ्यावं, हे तीन प्रश्न कागदावर नेले तरी कुणी काही म्हणत नाही, इंग्रज पालकही कागद घेऊन येतात.

शेवंता

ओवीतैंच्या यादीत एक भर. फोनवर नाव सांगताना आपल्या आडनावांचा पार चुराडा होतो. बी-पी-डी-टी आणि एम-एन फोनवर सारखेच ऐकू येतात. स्वतःच्या आडनावाची अक्षरं आणि पोस्टकोड 'एस फॉर शुगर, एम फॉर मदर' या थाटात पाठ करून ठेवा. ब्रिटनमध्ये शेवटचं अक्षर 'झेड', अमेरिकेत 'झी'. त्यांनी लिहून घेतल्यावर "कुड यू रीड दॅट बॅक, प्लीज?" म्हणायचं आणि जन्मतारखेसकट तपासून घ्यायचं. औषधाच्या चिठ्ठीवर नाव चुकलं तर फार्मसीवाले औषध देत नाहीत.